अवकाशातल्या लढाया आणि हवेतले डावपेच

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान मेळावा होता. नववीच्या मुलांशी गप्पा मारताना आम्ही एक साधा प्रश्न विचारला. सगळ्या ग्रहताऱ्यांपासून दूर, मोकळ्या अवकाशात एक यान सेकंदाला पाच किलोमीटर वेगानं चाललं आहे. त्याचं इंजिन बंद केलं. पुढे काय होईल? न्यूटनचा पहिला नियम या मुलांना तोंडपाठ होता. पाच मिनिटांपूर्वीच त्यांनी तो एका सुरात म्हणून दाखवला होता. तरीही 'यान हळूहळू थांबेल' या उत्तराला निम्म्याहून जास्त हात वर झाले. असं का वाटतं, हे एका मुलाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "सर, पिक्चरमध्ये तसंच असतं."

त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पाठ्यपुस्तकात तो नियम एका ओळीत येतो. पडद्यावर मात्र इंजिन बंद पडलं की थबकणारी, वळताना कलणारी, शत्रूच्या मागे लागून गिरक्या घेणारी यानं त्यानं शंभर वेळा पाहिली होती. एका ओळीनं शंभर दृश्यांशी किती झुंजावं? तेव्हापासून हे सिनेमे आम्ही जरा गंभीरपणे पाहू लागलो. त्यांतल्या चुका मोजणं सोपं आहे, पण त्यात फारसं हशील नाही. अवकाशात स्फोटाचा आवाज ऐकू येणार नाही, हे आता सर्वांना माहीत आहे. १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'नं ती शांतता पाळूनही दाखवली होती. आम्हाला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हे डावपेच आले कुठून, आणि मुळात ते तसे का होते?

कुठून आले याचं उत्तर सापडतं. 'स्टार वॉर्स' (१९७७) तयार होत असताना त्यातल्या यानांची दृश्यं पूर्ण झालेली नव्हती. दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी कच्च्या जोडणीत त्या जागी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई चकमकींची दृश्यं लावली, आणि त्यांच्या हालचाली समोर ठेवून यानांची दृश्यं बेतली गेली. शेवटचा प्रसिद्ध हल्ला आठवा. महाकाय 'डेथ स्टार'च्या पृष्ठभागावरच्या लांब चरातून लहान यानं शिरतात आणि टोकाच्या छोट्या भोकात अस्त्र सोडतात. त्यामागे 'द डॅम बस्टर्स' (१९५५) आणि '६३३ स्क्वॉड्रन' (१९६४) हे युद्धपट आहेत. गंमत म्हणजे 'द डॅम बस्टर्स'च्या विशेष दृश्यांचं छायाचित्रण करणारे गिल्बर्ट टेलर हेच पुढे 'स्टार वॉर्स'चे छायाचित्रकार होते.

'डॅम बस्टर्स'ची मूळ घटना खरी आहे. १६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिशांची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. बार्न्स वॉलिस यांनी तयार केलेला बाँब उलटा फिरवून सोडला की पाण्यावरून टप्पे घेत जाई, भिंतीला टेकून बुडे आणि पाण्याखाली फुटे. तळ्यात चपटा दगड भिरकावून भाकऱ्या काढतात, तसाच हा प्रकार. त्यासाठी विमान पाण्यापासून बरोबर १८ मीटरवर उडायला हवं होतं. अंधारात ही उंची कळावी म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे असे लावले की त्यांचे झोत १८ मीटरवरच पाण्यावर एकत्र यावेत. १९ पैकी ८ विमानं परतली नाहीत, ५३ वैमानिक आणि सहकारी मारले गेले.

धरणाच्या पाण्यावरून सरळ रेषेत, इतकं खाली उडण्याचं कारण बाँबच्या टप्प्यांत होतं. डेथ स्टारला ना हवा, ना पाणी. लक्ष्य जर पृष्ठभागावरचं भोक असेल, तर त्याच्या बरोबर माथ्यावरून सरळ खाली येणं सर्वांत सोपं; अस्त्राला काटकोनात वळायलाही नको. चरात शिरल्यानं भोवतालच्या तोफांपासून थोडा आडोसा मिळतो असं म्हणावं, तर चरातही तोफा आहेतच. थोडक्यात, डावपेच आला, पण त्याचं कारण पृथ्वीवरच राहिलं.

आता हवाई चकमकीकडे वळू. पहिल्या महायुद्धात ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकानं १९१६ साली नवख्यांसाठी काही नियम घालून दिले. हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, सूर्य पाठीशी ठेवा, शक्यतो मागून हल्ला करा. प्रत्येक नियमामागे भौतिकशास्त्र आहे. उंची म्हणजे साठवलेली ऊर्जा. हवेचा रोध सोडून दिला तर १००० मीटर उंची म्हणजे सेकंदाला १४० मीटर वेगाइतकी गतिज ऊर्जा. सूर मारला की ती वापरता येते. मागून हल्ला अशासाठी की बंदुका पुढे रोखून पक्क्या बसवलेल्या असत. पुढच्याला मागे गोळी झाडता येत नाही, आणि दोघं एकाच दिशेनं जात असल्यानं त्यांचा सापेक्ष वेग कमी असतो, म्हणून नेम धरायला वेळ मिळतो.

वळताना विमान कलतं, त्यालाही कारण आहे. पंखांवरचं वर उचलणारं बल पंखांना लंब असतं. विमान कललं की या बलाचा काही भाग बाजूला खेचू लागतो, आणि तेच वळणासाठी लागणारं अभिकेंद्री बल. अवकाशात हवाच नाही, म्हणजे पंखांना धरायला काही नाही. तिथे कललेलं यान नुसतंच कलतं, जात राहतं सरळ. वळायचं तर बाजूला ढकलणारं इंजिन हवं. पडद्यावरच्या यानांना ते बहुधा नसतं; ज्वाळा निघतात त्या फक्त मागून.

किती बल हवं, हा हिशोब अकरावीच्या वर्गात फळ्यावर जरूर करावा. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरण. सेकंदाला १५० मीटर वेगाचं महायुद्धकालीन विमान गुरुत्वत्वरणाच्या चौपट, म्हणजे ४० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानं वळलं तर त्रिज्या ५६० मीटरच्या आसपास येते. हे सगळं एका गावाच्या शिवारात मावतं. आता वेग सेकंदाला ७.७ किलोमीटर धरा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानांचा वेग साधारण इतका असतो, म्हणून आम्ही हा आकडा घेतला. यान मात्र ग्रहापासून दूर आहे असं समजा. त्वरण तेच ठेवलं तर त्रिज्या जवळजवळ १५०० किलोमीटर येते. अर्धं वर्तुळ पूर्ण करायला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत आतल्या माणसाचं वजन चौपट झालेलं असतं.

मग त्या वैमानिकानं करायचं काय? वळायचंच नाही. यान आपल्या जागी स्वतःभोवती फिरवायचं, तोंड मागे करायचं आणि झाडायचं. जायची दिशा बदलत नाही, बदलतं ते फक्त तोंड. यानाचं तोंड एकीकडे आणि गती दुसरीकडे, हे हवेत विमानाला झेपत नाही. अवकाशात ते फुकट मिळतं. १९९० च्या दशकातल्या 'बॅबिलॉन ५' या दूरदर्शन मालिकेतली छोटी लढाऊ यानं असंच करतात, आणि त्यासाठी आम्ही त्या मालिकेचे बाकीचे दोष माफ करतो. एकदा ही युक्ती कळली की 'शत्रूच्या शेपटीला लागणं' या कल्पनेतला अर्थच निघून जातो. मागून आलेला जितका धोक्यात, तितकाच पुढचा.

हे सगळं कागदावरचं आहे, असं वाटू नये म्हणून एक खरी घटना सांगतो. जून १९६५ मध्ये अमेरिकेचं 'जेमिनी ४' हे यान कक्षेत गेलं. त्याचे प्रमुख जेम्स मॅकडिव्हिट कोरियाच्या युद्धात लढाऊ विमान चालवलेले होते. यानाला वर नेणाऱ्या रॉकेटचा रिकामा टप्पा जवळच तरंगत होता, आणि त्याच्या जवळ जाऊन दाखवायचं ठरलं होतं. मॅकडिव्हिट यांनी कोणत्याही वैमानिकानं केलं असतं तेच केलं. लक्ष्याकडे तोंड केलं आणि इंजिन पेटवलं. टप्पा जवळ येईना. पुन्हा पेटवलं, तो आणखी दूर. बरंचसं इंधन खर्ची पडल्यावर हा नाद सोडून द्यावा लागला.

चूक हाताची नव्हती, सवयीची होती. कक्षेत वेग आणि उंची एकमेकांना बांधलेले असतात. पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवरचं यान सेकंदाला ७.६७ किलोमीटर वेगानं जातं आणि सुमारे ९२.४ मिनिटांत फेरी पुरी करतं. ३०० किलोमीटरवर वेग ७.७३ आणि फेरी ९०.४ मिनिटांची. खालचा गडी प्रत्येक फेरीला दोन मिनिटं, म्हणजे नऊशे किलोमीटरहून अधिक पुढे सरकतो. तुम्ही पुढच्या यानाला गाठायला इंजिन पेटवून वेग वाढवलात की तुमची कक्षा उंचावते, फेरी लांबते आणि तुम्ही मागे पडता. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करायचा, खाली उतरायचं, खालून पुढे जायचं आणि मग वर यायचं. वर्गात हे सांगितलं की मुलं आमच्याकडे संशयानं पाहतात. पाहू द्यावं, मॅकडिव्हिट यांनाही ते पटायला कक्षेत जावं लागलं.

याच विषयावर बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट मिळवली. कक्षेतल्या दोन यानांची भेट कशी घडवावी हा त्यांचा प्रबंधाचा विषय. हेही कोरियातले लढाऊ वैमानिक. तिथे दोन मिग विमानं त्यांनी पाडली होती. आकाशातले डावपेच विसरून नवे शिकावे लागतील, हे ज्यांना सर्वांत आधी उमगलं त्यांतले ते एक. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ आणि जेमिनी ७ यांची भेट झाली ती अशाच गणितावर. आपल्याकडे इस्रोनं 'स्पेडेक्स' मोहिमेत १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह कक्षेत जोडले. ३० डिसेंबर २०२४ ला एकाच रॉकेटनं सोडलेले हे उपग्रह. १२ जानेवारीला ते ३ मीटर अंतरावर आणून पुन्हा मागे घेतले गेले होते. एकमेकांशी भांडण नसलेल्या, दोन्हीकडून सहकार्य असलेल्या दोन यानांना गाठ घालायला इतके दिवस लागले. पडद्यावर शत्रूला गाठायला दोन मिनिटं पुरतात.

दबा धरून बसणं हा डावही असाच उसना. 'स्टार ट्रेक: द रॅथ ऑफ खान' (१९८२) मधलं शेवटचं द्वंद्व पाणबुड्यांच्या लढाईसारखं आहे. दोन याने एका तेजोमेघात शिरतात, एकमेकांना दिसेनाशी होतात आणि चाचपडत फिरतात. युद्धपट म्हणून तो प्रसंग उत्तम आहे. त्यात एक पक्ष वर-खाली या तिसऱ्या मितीचा विचारच करत नाही आणि म्हणून फसतो, हा तर शाबासकी द्यावा असा मुद्दा. पण तेजोमेघ? चित्रात दाट दिसणारा तेजोमेघ प्रत्यक्षात इतका विरळ असतो की एका घन सेंटिमीटरमध्ये काही शे ते काही हजार अणू सापडावेत. आपल्या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. आपण प्रयोगशाळेत महागड्या पंपांनी जे निर्वात करतो, ते यापेक्षा दाट असतं. तेजोमेघ दाट दिसतो तो त्याच्या अफाट जाडीमुळे. त्यात लपणं म्हणजे माळरानावर लपणं.

पाणबुडी लपते कारण पाणी प्रकाश आणि रेडिओलहरी शोषून घेतं, शिवाय तिची उष्णता पाण्यात विरते. अवकाशात उष्णता विरायला काही नाही. ती फक्त प्रारणानं बाहेर पडते. माणसं राहतात म्हणजे यान सुमारे ३०० केल्विन तापमानाचं हवं. स्टीफन-बोल्टझमन नियमानं त्याचा दर चौरस मीटर सुमारे ४६० वॅट अवरक्त प्रारण फेकतो. हजार चौरस मीटरचं यान म्हणजे साडेचार लाख वॅटची शेगडी, आणि तिच्यामागची भिंत तीन केल्विनहूनही थंड. इंजिन पेटलं तर बोलायलाच नको.

क्षीण संदेश किती लांबून टिपता येतो याचं उदाहरण आपल्या घराजवळ आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं 'शियापारेली' यान मंगळावर उतरत होतं. त्याचा छोटा प्रेषक मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. तरी नारायणगावजवळच्या खोडद इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनं सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून तो संदेश पकडला. उतरण्याच्या अखेरीस तो तुटला, आणि काहीतरी बिनसलं आहे ही पहिली शंका तिथून आली. खऱ्या अवकाशयुद्धात दोन्ही पक्ष एकमेकांना कितीतरी दिवस आधीपासून पाहत बसतील. तो सिनेमा फार कंटाळवाणा होईल.

इथे खरी अडचण लक्षात येते. कॅमेऱ्याच्या चौकटीत दोन्ही शत्रू एकदम दिसायला हवेत. हजार किलोमीटरवरचा शत्रू पडद्यावर ठिपकाही होत नाही. म्हणून यानं जवळ येतात, आणि म्हणूनच जमिनीवरच्या लढायांत सैनिक घोळका करून धावतात. 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) मध्ये तोफखाना नाही, खंदक नाहीत, तरुण पोरं खांद्याला खांदा लावून राक्षसी किड्यांवर चाल करतात. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत मशिनगनपुढे रांगेनं चालत गेलेल्या ब्रिटिश सैन्याचे एका दिवसात १९ हजारांवर सैनिक मेले. तेव्हापासून पांगून राहणं हा पायदळाचा पहिला धडा आहे. या चित्रपटाची मूळ कादंबरी रॉबर्ट हाइनलाइन यांची, १९५९ सालची. तिच्यातले सैनिक यांत्रिक चिलखतात असतात आणि एकमेकांपासून खूप दूर पसरलेले असतात. ते चौकटीत मावले नसते. चित्रपट उपहासाचा आहे, हे मात्र विसरू नये.

सिनेमावाल्यांना हसताना आम्ही एकदा तोंडघशी पडलो आहोत. शिक्षकांच्या एका शिबिरात 'द लास्ट जेडाय' (२०१७) मधला प्रसंग सांगून आम्ही म्हणालो, बघा, अवकाशात बाँब खाली 'पडतात'! सगळे हसले. मागच्या बाकावरच्या एक शिक्षिका उठल्या. त्या म्हणाल्या, "पण सर, यानात माणसं चालताहेत. म्हणजे आत कसलं तरी गुरुत्व आहेच ना? मग बाँब आत पडताना वेग घेईल, आणि बाहेर आल्यावर तोच वेग टिकेल." आम्ही फळ्याकडे वळून हिशोब केला. आत ५ मीटर पडला तर वेग सेकंदाला १० मीटर. बाहेर कोणतंही बल नसलं तरी १०० मीटर अंतर तो १० सेकंदांत कापेल. बाई बरोबर होत्या, आणि न्यूटनचा पहिला नियम त्या दिवशी आम्हीच विसरलो होतो.

तिसऱ्या नियमाचं उदाहरण तर प्रत्यक्ष घडलेलं आहे. सोव्हिएत संघाचं 'सॅल्यूत ३' हे स्थानक १९७४ मध्ये कक्षेत गेलं. त्याच्यावर एक खरीखुरी तोफ पक्की बसवलेली होती. नेम धरायचा तर सगळं स्थानक फिरवावं लागे. अंतराळवीर परतल्यानंतर, जानेवारी १९७५ मध्ये, जमिनीवरून आज्ञा देऊन ती डागली गेली. त्याच वेळी धक्का सावरायला स्थानकाची इंजिनंही चालवावी लागली. आकडे सोयीसाठी ठोकळ धरू: २०० ग्रॅमचा गोळा, वेग सेकंदाला ७०० मीटर, स्थानक २० टनांचं. एका गोळ्यामागे स्थानकाला सेकंदाला ७ मिलिमीटर वेग उलट दिशेनं मिळतो. शंभर गोळ्यांमागे ७० सेंटिमीटर. पडद्यावरची यानं धडाधड तोफा डागतात आणि तसूभर हलत नाहीत.

शेवटी स्फोटाविषयी. सिनेमात यान फुटतं, नारिंगी गोळा उठतो आणि पुढच्या दृश्यात अवकाश स्वच्छ असतं. मुलांच्या मनात घर करून बसलेली ही सर्वांत घातक समजूत आहे, कारण या बाबतीत आपण सिनेमापासून दूर राहिलेलो नाही. सेकंदाला १० किलोमीटर वेगाच्या १ किलो तुकड्याची गतिज ऊर्जा ५ कोटी ज्यूल, म्हणजे जवळजवळ १२ किलो टीएनटीइतकी. अशा टकरीला स्फोटकांची गरजच नाही. २७ मार्च २०१९ रोजी भारतानं 'मिशन शक्ती'त आपलाच एक उपग्रह नुसत्या धडकेनं फोडला. तो सुमारे २८० किलोमीटरवर होता. तिथे विरळ का होईना हवा असते, त्यामुळे बहुतेक तुकडे काही महिन्यांत खाली येऊन जळून गेले. वर फेकले गेलेले थोडे जास्त टिकले. चीननं ११ जानेवारी २००७ रोजी हाच प्रयोग साडेआठशे किलोमीटरच्या वर केला. त्याचे ३००० हून अधिक मोठे तुकडे नोंदवले गेले आणि त्यांतले पुष्कळ अजून फिरत आहेत.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियानं आपला जुना 'कॉसमॉस १४०८' हा उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. १५०० हून अधिक तुकडे झाले. त्या वेळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सात अंतराळवीर होते. तुकड्यांचा लोंढा येणार असं कळल्यावर त्यांना उठवून, गरज पडल्यास पृथ्वीवर परतता यावं म्हणून, स्थानकाला जोडलेल्या परतीच्या यानांत बसवण्यात आलं. त्या सातांपैकी दोघं रशियन होते.